मुलीची शॉटगन भरताना अंगठा चिमटतो, काय करावं?

जास्वंद

नमस्कार. आम्ही मिनेसोटात राहतो. मुलगी दहावीत आहे आणि यंदा शाळेच्या ट्रॅप टीममध्ये आली आहे. उडत्या तबकड्यांवर शॉटगनने नेम धरायचा तो खेळ. सुरक्षेचा कोर्स करून प्रमाणपत्र घेतल्याशिवाय टीममध्ये घेत नाहीत, तो तिने हिवाळ्यात केला. माझ्या माहेरी, सासरी कुणी कधी बंदूक हातात धरलेली नाही, त्यामुळे मला यातलं काही कळत नाही आणि काळजी मात्र सगळी वाटते.

बंदूक 12 गेजची सेमी-ऑटोमॅटिक आहे, दुकानातून वापरलेली घेतली. यजमानांचे एक मित्र शिकारीला जातात, त्यांनी तिला भरायला शिकवलं. बंदूक उलटी धरायची, खालच्या फटीतून काडतूस अंगठ्याने आत ढकलायचं. तिथेच अंगठा अडकतो. आधी नखाच्या कडेचं सालटं निघालं होतं, या रविवारी रक्ताचा फोड आला. चिमटा बसला तशी तिने हात झटकला, डोळ्यांत पाणी आलं, पण कोचना सांगायला तयार नाही. टीममधून काढतील असं तिला वाटतं.

हे सगळ्यांनाच होतं का? की तिची पद्धत चुकते आहे?

भटक्या_टेक्सास

माझ्याकडे मॉसबर्ग 500 आहे, कबुतरांच्या सीझनला दरवर्षी वापरतो. एकदाही अंगठा चिमटला नाही. अंगठा सरळ आत घालायचा आणि जोरात ढकलायचं, घाबरत हळूहळू केलं की अडकतो. पातळ चामड्याचे हातमोजे घेऊन द्या. सवय होईल.

कृष्णाकाठ

ताई, अंगठ्याचं सांगतो, पण आधी दुसरं. तुम्ही लिहिलंय, चिमटा बसला तशी तिने हात झटकला. त्या क्षणी नळीचं तोंड कुठे होतं? मुलीला हे विचारा. रागावून नको, जवळ बसवून विचारा.

मी शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये एका शाळेच्या टीमला मदत करतो. भरताना बोट चिमटलं की मी सगळं थांबवतो, ते रक्त आलं म्हणून नाही. दुखलं की माणूस हात मागे ओढतो, आणि त्याच हातांत बंदूक असेल तर तीही फिरते. नेमकी त्या वेळी तिच्यात काडतूस असतं, आणि शेजारच्या जागेवर कुणाचं तरी पोर उभं असतं. म्हणून अंगठ्याची ही गोष्ट मला छोटी वाटत नाही, आणि कोचनाही वाटणार नाही. अंगठा चिमटला म्हणून कुणी टीममधून काढत नाही. लपवलं तर मात्र पुढच्या वेळी ती दुखऱ्या बोटाने, बिचकत भरेल.

आता मुद्दा. ट्रॅपला खालून भरायची गरजच नाही. एका फेरीत 25 तबकड्या, पाच जागा, प्रत्येक जागेवर पाच. एका वेळी एकच तबकडी उडते आणि एकच काडतूस लागतं. ते उजव्या बाजूच्या खिडकीतून, जिथून रिकामं टरफल बाहेर पडतं तिथून, थेट टाकायचं. मित्रांनी शिकवलं ते चूक नाही, पण ती रानातली पद्धत आहे. फेजंट पक्षी उठला की लागोपाठ दोन-तीन बार लागतात, म्हणून नळीखालची मॅगझिन ट्यूब भरून ठेवतात. मुलीला यंदा त्या ट्यूबचं काही काम नाही.

खिडकीतून भरताना हे बघा. जागेवर उभं राहिल्यावर, नळीचं तोंड मैदानाकडे, बोट चापापासून लांब. बोल्ट, म्हणजे त्या खिडकीत मागेपुढे सरकणारा लोखंडी तुकडा, पूर्ण मागे ओढला की अडकून उभा राहतो. नुसता मागे ओढलेला आणि अडकलेला यात फरक आहे. हँडल सोडून तो खरंच थांबलाय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय खिडकीत बोट घालायचं नाही. काडतूस आत ठेवायचं, हात पूर्ण बाहेर घ्यायचा आणि मगच बोल्ट सोडायचं बटण दाबायचं. बटण दाबताना त्याच हाताची बाकीची बोटं कुठे आहेत हे पोरं विसरतात. खिडकीच्या तोंडावर नकोत आणि बोल्टचं हँडल ज्या खाचेतून धावतं तिथेही नकोत. बोल्ट ताकदवान स्प्रिंगवर येतो, तो नख फोडू शकतो. आणि चिमट्याच्या भीतीने हँडल धरून बोल्ट हळू हळू पुढे सोडायचा नाही, तो नीट लॉक होत नाही. त्याला त्याच्या जोराने जाऊ द्यायचं. आधीच्या मुलाचा बार झाल्याशिवाय आपली बंद करायची नाही, आणि एका जागेवरून दुसरीकडे जाताना रिकामी आणि उघडी.

एक इशारा. काही बंदुकांत, उदाहरणार्थ ब्राउनिंग ऑटो-5 च्या काही प्रकारांत, बोल्ट मागे अडकलेला असताना खालून पहिलं काडतूस घातलं की ते आपोआप चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, जातं आणि बोल्ट स्वतःच बंद होतो. बटण दाबावं लागत नाही. तुमची बंदूक कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. वापरलेली घेतलीय म्हणजे सोबत पुस्तिका आली नसेल. कंपनीच्या साइटवर ती मिळते, मॉडेल बघून काढा आणि मुलीबरोबर बसून वाचा.

भटक्या, तुमचा अंगठा चिमटत नाही याचं कारण तुमची बंदूक. मॉसबर्ग 500 मध्ये काडतूस वर उचलणारी पट्टी, लिफ्टर, बोल्ट बंद असताना वरच राहते. फट मोकळी असते. रेमिंग्टन 870 मध्ये आणि बऱ्याच सेमी-ऑटोंत तो लिफ्टर फटीच्या तोंडावर आडवा असतो आणि काडतुसाने त्याला आत लोटावं लागतं. अंगठा काडतुसाच्या मागोमाग आत जातो, बाहेर येताना लिफ्टर स्प्रिंगने परत खाली येतो आणि लिफ्टरची कड नि ट्यूबचं तोंड यांच्यामध्ये कातडी सापडते. तिथे 'जोरात ढकला' सांगितलं तर चिमटा आणखी जोरात बसेल.

पुढेमागे तिला खालून भरावं लागलंच तर नखं कापलेली हवीत. सेफ्टी लावलेली हवी, पण सेफ्टी आहे म्हणून नळीची दिशा सोडायची नाही. अंगठ्याचं टोक नाही, पोट काडतुसाच्या पितळी बुडावर सपाट ठेवायचं. 'टक्' असा आवाज येईपर्यंत एका दमात आत न्यायचं. अर्धवट सोडलं तर ट्यूबमधली स्प्रिंग काडतूस परत फेकते आणि तेच अंगठ्यावर येतं. टक् झाल्यावर अंगठा सरळ मागे ओढू नका, लिफ्टर दाबलेलाच ठेवून कडेला सरकवत बाहेर काढा. सगळा चिमटा या शेवटच्या सरकवण्यात टळतो. कडा फारच धारदार असतील तर गनस्मिथ, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा, त्या गुळगुळीत करून देतो. घरी कानस लावू नका.

याचा सराव डमी काडतुसांवर करून घ्या. त्यांत दारू नसते, छरे नसतात, रंगावरून ओळखू येतात. खरी काडतुसं त्या वेळी दुसऱ्या खोलीत, कुलपात. संध्याकाळी थोडा वेळ, टीव्ही बंद, तुम्ही समोर बसा. तुम्हालाही कळेल ती काय करते आहे ते, आणि काळजी बरीच कमी होईल.

फोड फोडू नका. आणि शूटिंग झाल्यावर डबा उघडायच्या आधी साबण आणि गार पाण्याने हात धुवायला लावा. शिशाचा अंश हातावर राहतो, त्यात आता बोटाला जखम आहे.

जास्वंद

खूप खूप आभार. तिला विचारलं. नळी मैदानाकडेच होती म्हणाली, पण "खाली गेली होती थोडी". कोचना मी फोन केला. ते अजिबात रागावले नाहीत, पुढच्या सरावाला स्वतः खिडकीतून भरायला शिकवणार आहेत. बंदूक रेमिंग्टन 1100 आहे.

दोन शंका. कोच म्हणाले, पुढच्या वर्षी जमलं तर मधून मोडणारी, दोन नळ्यांची बंदूक घ्या. तिच्यात हाताला काही होत नाही का? आणि तिची मैत्रीण 20 गेज वापरते, दोघी एकाच बॅगेत काडतुसं ठेवतात. ते चालतं का?

काजूबाग

ताई, मी कुडाळ तालुक्यातला. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आमच्या घरात दुनळी आहे, वडिलांच्या वेळेपासून. माकडं आणि रानडुक्कर, दोन्हींचा जाच. तुमच्या मुलीचा खेळ मला ठाऊक नाही, पण मोडणारी बंदूक ठाऊक आहे.

तिचा मोठा गुण म्हणजे मोडली की दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो. भरलेली आहे की नाही यात शंका राहत नाही, आणि लांबून दुसऱ्यालाही कळतं. माझ्या मते पोरांच्या हातात तीच असावी. आमच्याकडे अजून काही घरांत ठासणीच्या बंदुका आहेत, त्या भरायला तोंडाच्या बाजूने हात न्यावा लागतो. त्यापुढे ही फार सुखाची.

पण हात सांभाळावा लागतोच. बंद करताना नळ्या झटक्याने वर उचलू नयेत, नळ्या जमिनीकडे ठेवून दस्ता वर आणावा. म्हणजे तोंड खालीच राहतं. नळ्यांचं बूड आणि मागची भिंत यांच्यामध्ये अंगठा आणि तर्जनी यांमधली कातडी सापडते, म्हणून काडतुसं बसवलेला हात काढून दस्त्याच्या मानेवर आला की मगच बंद. आणि बार काढताना उजवा अंगठा बंदूक मोडायच्या वरच्या खटक्याच्या अगदी मागे उभा ठेवू नये. धक्क्याने खटका अंगठ्यावर येतो, कातडं फाटतं. अंगठा मानेवरून पलीकडे वळवून धरावा. मधलं बोट चापाच्या कड्याला टेकलेलं असलं तर तेही सुजतं.

काडतूस चेंबरमध्ये जाईना तर जोर लावू नये. आमच्या पावसात पितळेला गंज चढतो, चेंबरमध्येही चढतो, आणि लोक तळव्याने ठोकतात. काडतुसाच्या बुडाला टोपी असते, ती ठोकायची वस्तू नाही. असलं काडतूस बाजूला ठेवावं. आमच्या जुन्या दुनळ्यांत 65 मिलिमीटरचं चेंबर असतं, आणि 70 चं काडतूस त्यात बसतं म्हणून लोक घालतात. काडतुसाची लांबी तोंड उलगडल्यावरची मोजतात. न उडवलेलं बसतं, पण उडताना तोंड उलगडायला जागा नसते आणि दाब वाढतो. नळीवर काय कोरलंय ते वाचून तेवढंच घालावं.

कृष्णाकाठ

काजूबाग, अंगठा खटक्यामागे न ठेवण्याचं फार बरं सांगितलंत, इथे नव्या पोरांना ते कुणी सांगत नाही.

जास्वंदताई, एकाच बॅगेचं आजच बंद करा. हे अंगठ्याच्या चिमट्याहून कितीतरी गंभीर आहे. 20 गेजचं काडतूस 12 पेक्षा बारीक असतं, ते 12 गेजच्या चेंबरमध्ये टाकलं तर बाहेर राहत नाही, आत घसरतं आणि नळीत थोडं पुढे जाऊन अडकतं. वरून चेंबर रिकामं दिसतं. मुलीला वाटेल आपण टाकायला विसरलो, किंवा बार झाला नाही म्हणून ती दुसरं टाकेल, या वेळी बरोबर 12 चं. मग चाप ओढला की पुढे नळी बंद आणि मागे बार. नळी फुटते, आणि ती फुटते तिथे डावा हात असतो. याच कारणासाठी इथल्या कंपन्या 20 गेजची काडतुसं पिवळ्या रंगाची काढतात. पिवळं दिसलं की आपलं नाही, हे तिला पाठ करू द्या. तरी रंगावर विसंबू नका, बुडावर आकडा असतो तो बघायचा.

दोघींचे पाउच वेगळे, पेट्या वेगळ्या, गाडीतही वेगळ्या. सरावाला निघताना जॅकेटचे सगळे खिसे उलटे करून बघायचे, मागच्या आठवड्यात मैत्रिणीचं एखादं राहिलेलं असतं.

आणि चाप ओढून बार झाला नाही तर पटकन उघडायचं नाही. नळी मैदानाकडे धरून अर्धा मिनिट तरी थांबायचं, हात वर करून कोचना बोलवायचं. फुसका आवाज आला तर तिथेच थांबायचं, बंदूक रिकामी करून नळी आरपार बघायची. आत काडतुसातला प्लास्टिकचा कप अडकलेला असू शकतो.

रेमिंग्टन 1100 ला लिफ्टर सोडायचं बटण खालच्या बाजूला, फटीपाशीच आहे, बोल्टही त्यानेच सुटतो. कोच शिकवतील तेव्हा ते कोणत्या बोटाने दाबायचं आणि बाकीची बोटं कुठे ठेवायची, एवढं तुम्ही बाजूला उभं राहून बघून घ्या.