सोया आणि सरकी तेलाच्या पाकिटावर ‘जीएम’ लिहावे, या मोहिमेत नाशिककरांनी सहभागी व्हावे का?

धागा सुरू करणारी (गृहिणी, गंगापूर रोड)

जनुकीय बदल केलेल्या (म्हणजे ‘जीएम’) पिकांपासून तयार झालेल्या अन्नाच्या वेष्टनावर तसे स्पष्ट लिहिलेले असावे, या मागणीसाठी आम्ही काही जणी नाशिकमध्ये सह्या गोळा करीत आहोत. या मागणीला ज्यांचा विरोध आहे त्यांनीही येथे मोकळेपणाने लिहावे, कारण निवेदन पाठवण्यापूर्वी त्यातले कच्चे दुवे आम्हाला दिसायला हवेत.

आपल्या ताटात असे अन्न येतच नाही, असे दारोदार ऐकायला मिळते. बीटी (जनुकीय बदल करून किडीला प्रतिकारक बनवलेल्या) वांग्याला 2010 मध्ये स्थगिती मिळाली, जीएम मोहरीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि शेतात लावण्याची परवानगी आहे ती 2002 पासून एकट्या बीटी कापसाला. मग काळजी कसली, असा तो युक्तिवाद असतो. पण जिनिंगमध्ये रुई वेगळी झाली की सरकी उरते, तिचे तेल निघते आणि ते खाण्यात येते. शिवाय आपला देश गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. त्यातले सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येते, आणि तेथे पिकणारे जवळजवळ सगळे सोयाबीन जनुकीय बदल केलेले असते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने 2018 मध्ये 65 खाद्यपदार्थ तपासले, तेव्हा 32 टक्के नमुन्यांत असा अंश सापडला होता.

आम्ही काही नवे मागत नाही. वैधमापन (वजन-मापे आणि वेष्टनांच्या) नियमांत दुरुस्ती होऊन 1 जानेवारी 2013 पासून अशा अन्नाच्या पाकिटावर दर्शनी बाजूला सर्वात वर ‘जीएम’ लिहिणे बंधनकारक झाले. सर्वोच्च न्यायालयाने 23 जुलै 2024 रोजी मोहरीबाबत दोन न्यायमूर्तींची भिन्न मते नोंदवली, तरी आयात होणाऱ्या जीएम अन्नाला, विशेषतः खाद्यतेलाला, अन्नसुरक्षा कायद्याचे वेष्टन व लेबलविषयक कलम 23 पाळावे लागेल, असे स्पष्ट सांगितले. तरीही माझ्या नेहमीच्या तीन दुकानांत मी सोयाबीन तेलाची पाकिटे उलटसुलट करून वाचली आणि ती दोन अक्षरे मला एकाही पाकिटावर दिसली नाहीत.

प्रतिसाद (जीवशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, कॉलेज रोड)

ताई, आपला हेतू प्रामाणिक आहे, तरीही मी सही करणार नाही, आणि त्याची कारणे सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते. शुद्धीकरण केलेल्या तेलात प्रथिने आणि डीएनए जवळजवळ शिल्लक राहत नाहीत. बदल केलेल्या सोयाबीनचे तेल आणि साध्या सोयाबीनचे तेल यांत प्रयोगशाळेला फरक दाखवता येत नाही. जे मोजता येत नाही त्याचे लेबल सक्तीचे केले, तर प्रामाणिक उत्पादक ते लावील, लबाड लावणार नाही, आणि निरीक्षकाच्या हाती तपासण्यासारखे काहीही नसेल. याच कारणाने अमेरिकेने 2022 पासून आपला कायदा अमलात आणताना, ज्या शुद्ध तेलात बदललेला जनुकीय अंश सापडत नाही, त्याला सूट दिली होती.

दुसरा मुद्दा मला अधिक गंभीर वाटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 2016 मध्ये अनेक वर्षांचे संशोधन तपासून निष्कर्ष काढला की, बाजारात असलेली जनुकीय बदल केलेली पिके खाण्यामुळे साध्या पिकांपेक्षा आरोग्याला अधिक धोका असल्याचा पुरावा नाही. पाकिटाच्या अगदी वर ठळक अक्षरे छापली, तर सामान्य माणूस ती धोक्याची खूण म्हणूनच वाचणार. चीज बनवताना वापरले जाणारे विकर (एन्झाइम) आज बहुतांशी जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांकडून मिळते; युरोपातही त्यासाठी चीजवर लेबल लावावे लागत नाही. मग ही रेषा आपण तेलावरच का ओढायची?

प्रतिसाद (द्राक्ष आणि सोयाबीन उत्पादक, निफाड तालुका)

सरांचा प्रयोगशाळेचा मुद्दा मान्य आहे, पण प्रत्येक गोष्ट प्रयोगशाळेतच सिद्ध होते, असे आम्हा द्राक्षवाल्यांना वाटत नाही. आमची द्राक्षे युरोपला जातात तेव्हा ‘अपेडा’ या कृषी निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट या संगणकीय नोंदवहीत प्लॉटची नोंद असते, आणि पेटी कोणत्या बागेतून निघाली ते कागदावरून शोधता येते. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपला माल अडकला आणि नाशिकच्या बागायतदारांचे कंबरडे मोडले. त्यानंतर नोंदींचे महत्त्व आम्हाला कुणी वेगळे शिकवावे लागले नाही. शेतकऱ्याच्या चार एकरांचा हिशेब ठेवता येतो, तर जहाजाने येणाऱ्या तेलाचा का ठेवता येऊ नये?

माझा यात सरळ स्वार्थही आहे, तो लपवत नाही. आपल्याकडचे सोयाबीन जनुकीय बदल केलेले नाही. ऑगस्ट 2021 मध्ये सरकारने कोंबडीखाद्यासाठी 12 लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. नवा माल बाजारात येण्याचा तो काळ होता हे खरे, तरी त्यानंतर भाव कसे घसरले ते आम्ही बाजार समितीत उभे राहून पाहिले. आमचा माल वेगळा आहे, हे गिऱ्हाइकाला पाकीट पाहून कळले, तर कदाचित आमच्या मालाला चार पैसे अधिक मिळतील. मी सही केली आहे.

प्रतिसाद (चिवडा आणि फरसाण उत्पादक, पंचवटी)

मागणी तेलापुरती असेल तर मला काही म्हणायचे नाही, पण निवेदनात ‘सर्व प्रक्रिया केलेले अन्न’ असे शब्द आहेत आणि ते माझ्यासारख्याला झेपणारे नाहीत. मी तेल पंधरा किलोच्या डब्यांनी घेतो. भाव चढला की पामतेलाकडे वळतो, कधी सरकी, कधी सोया, आणि सणासुदीला गिऱ्हाईक मागते म्हणून शेंगदाणा तेल. पाम आणि शेंगदाणा तेलाचा जीएमशी काही संबंध नाही, म्हणजे प्रत्येक घाण्यागणिक माझे लेबल बदलणार. पाकिटांचा छापील रोल मी एकदम काही महिन्यांचा घेतो, तो फेकून देऊ का? मोठी कंपनी दोन प्रकारचे रोल छापून ठेवील. माझ्याकडे नऊ माणसे कामाला आहेत आणि कागदपत्रे पाहणारी एकटी माझी बायको आहे. आणि कढईजवळून सुटा विकला जाणारा चिवडा कोणत्या पाकिटात मोडतो, हेही आपण सांगितलेले नाही.

धागा सुरू करणारी

पंचवटीच्या दादांचा आक्षेप मला पूर्णपणे पटला. तो मजकूर आम्ही घाईने लिहिला होता. काल रात्री आम्ही एकत्र बसून ‘सर्व प्रक्रिया केलेले अन्न’ हे शब्द काढले, आणि आयात सोया तेल व सरकी तेल यांची बंद पाकिटे व डबे एवढीच मागणी ठेवली. डब्यावरच लिहिलेले असेल तर चिवडा करणाऱ्यालाही आपण काय विकत घेतो ते कळेल. आज ते त्यालाही कळत नाही, ही गोष्ट मी विचारात घेतली नव्हती.

सरांना उत्तर देताना निफाडच्या दादांचाच धागा पुढे नेते. युरोपीय संघाने 2003 मध्ये जे नियम केले, त्यांत तेलात डीएनए सापडतो की नाही हे पाहिले जात नाही. ते कोणत्या बियाण्यापासून निघाले, हे पुरवठ्याच्या साखळीतील प्रत्येकाने पुढच्याला लेखी कळवायचे असते. अपघाताने होणाऱ्या भेसळीसाठी तेथे 0.9 टक्क्यांपर्यंत सूट आहे. म्हणून आम्ही प्रयोगशाळेची अट घातलेली नाही, आयातीच्या कागदांची घातली आहे. चीजचा मुद्दा मात्र तर्काला धरून आहे, आणि त्यावर माझ्याकडे एवढेच उत्तर आहे की आम्ही रोजच्या फोडणीपासून सुरुवात करतो आहोत.

भीतीबद्दल मला मनापासून वेगळे वाटते. पाकिटावरचा हिरवा ठिपका मांसाहार वाईट आहे असे सांगत नाही. तो केवळ सांगतो, आणि निर्णय घरात होतो. हे अन्न घातक आहे, असे आम्ही निवेदनात कोठेही म्हटलेले नाही, आणि सह्या घेताना कोणी तसे म्हणत असेल तर तिला मी स्वतः थांबवीन.

प्रतिसाद (निवृत्त प्राध्यापक)

कागदोपत्री साखळीचा मार्ग मी विचारात घेतला नव्हता. आयात तेलापुरता तो व्यवहार्य आहे, हे मान्य करतो. सरकीबद्दल माझी हरकत कायम आहे. मालेगावच्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे बीटीखेरीज दुसरे बियाणे घेण्याची सोय फारशी उरलेली नाही. त्याच्या सरकीच्या तेलावर ठळक शिक्का बसून मागणी घटली, तर तो भुर्दंड त्याच्याच माथी येईल, आणि आपल्या निवेदनावर त्या तालुक्यातील एकाही कापूस उत्पादकाची सही नाही. ‘ही माहिती आहे, आरोग्याचा इशारा नव्हे’ हे वाक्य लेबलच्या मजकुरातच असावे असे आपण निवेदनात लिहिणार असाल, तर मी सहीचा फेरविचार करीन.

धागा सुरू करणारी

ते वाक्य आज घालते. येत्या रविवारी आम्ही दोघी-तिघी मालेगावला कापूस उत्पादकांशी बोलायला जात आहोत. सर, शक्य असेल तर आपणही चला. तोपर्यंत निवेदन पाठवणार नाही.