मदत हवी आहे: छोट्या अंगणासाठी मॅग्नोलिया, 'लिटल जेम' की 'टेडी बेअर'?

मंडळी, आम्ही नॉर्थ कॅरोलायनात रॉलीला राहतो. सासूबाईंना दारात सोनचाफा हवा होता, पण इथल्या थंडीत तो बाहेर तगत नाही. म्हणून त्याच कुळातला इथला सदाहरित मॅग्नोलिया लावायचं ठरलंय. जुन्या वस्त्यांतले साठ-सत्तर फुटी वृक्ष देखणे खरे, पण कुंपण आणि घर यांत आमची जागा जेमतेम १५ फूट.

'लिटल जेम' वीसेक फुटांपर्यंत वाढतो, उन्हाळ्याच्या सुरुवातीला भरभरून आणि पुढे थंडीपर्यंत अधूनमधून फुलतो, म्हणून माझा कल तिकडे. नर्सरीवाला 'टेडी बेअर'च्या मागे लागलाय: जास्त भरगच्च, पानांची खालची बाजू तपकिरी मखमली. दिसतो छानच! पण तोही इतके महिने फुलतो का? कुणाकडे असेल तर सांगा.

दुसरं, माती लाल, चिकट. खड्ड्यात कंपोस्ट मिसळायचं, की मातीचा गोळा थोडा उंच ठेवून वरून नुसतं आच्छादन करायचं? याच्या मांसल मुळांना नंतर हलवलेलं सोसत नाही, त्यामुळे जागा आधीच पक्की करायचीय. तिथे ऊन दुपारनंतरच, चारेक तास येतं. तेवढ्यावर फुलं धरतील?