मदत हवी आहे: कुठलं एनर्जी ड्रिंक, २० रुपयांची स्टिंगची बाटली की १२५ चा रेड बुलचा कॅन? शनिवारच्या आत सांगा

झोपमोड्या: दोन्ही २५० मिलीच. मग वरचे शंभर कशाचे? जास्त वेळ तरतरी कशाने राहते? आणि कुठलंही एनर्जी ड्रिंक असो, दुसऱ्यानंतर पोट डचमळतं, त्यावर काय करायचं? साखर वाईट असते हे सांगायला कृपया येऊ नका.

चेनगार्ड: कशासाठी पिताय? अभ्यास, रात्रपाळी, ड्रायव्हिंग? वजन किती? सोबत चहा किती होतो?

लेबलवाचक: तोवर किमतीचं सांगतो. एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरण) नियमात कॅफीनयुक्त पेयाला लिटरमागे कमाल ३०० मिग्रॅ कॅफीनची मुभा आहे. म्हणजे २५० मिलीत ७५ च्या वर कुणालाच जाता येत नाही, स्टिंग असो की रेड बुल. तुम्हाला जागं ठेवतं ते कॅफीन. टॉरिन वगैरे लेबलवरची गर्दी. बाकी पैसे कॅनचे, जाहिरातीचे आणि चवीचे. रेड बुल आंबटसर, मागून किंचित कडवट. लाल स्टिंग बर्फगार असेपर्यंत ठीक, कोमट झाली की खोकल्याचं औषध.

कोकमवाला: सोडा हे सगळं. कोकमाचं आगळ, साखर, मीठ, जिरेपूड. बाटलीभर पाण्याला दोन चमचे आगळ पुरे.

लेबलवाचक: आगळात कॅफीन किती?

कोकमवाला: झोप आली तर माणसाने झोपावं.

झोपमोड्या: बीआरएम आहे हो, ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, झोपतोय कुठे! ३०० किमी, २० तास, शनिवारी संध्याकाळी सुटायची. वजन ७२. कॅन जर्सीच्या खिशात असतो, तहान लागली की तोच. टपरीवर चहा होतोच.

चेनगार्ड: हे पहिल्याच पोस्टीत लिहायचं ना राव. पोटाचं कारण इथेच आहे. रेड बुलमध्ये १०० मिलीला ११ ग्रॅम साखर. चालू राइडमध्ये ६ ते ८ ग्रॅमचं पेय पोटातून नीट पुढे सरकतं. त्याहून दाट असेल तर रेंगाळतं, त्यात गॅस, आणि तुम्ही ते पाण्याच्या जागी घेताय. शिवाय मीठ नावालाच, घामातून मात्र लिटरमागे अर्धा ते एक ग्रॅम सोडियम जातं. कॅन बॉटलमध्ये ओता, तेवढंच साधं पाणी आणि दोन चिमट्या मीठ घाला, अर्ध्या तासात घोट घोट संपवा. पाण्याची बॉटल वेगळी. आणि कॅनला जेवण समजू नका. तासाला ५०-६० ग्रॅम कर्बोदकं लागतात, अख्ख्या कॅनमध्ये २७. उरलेली केळी, चिक्की, उकडलेला बटाटा.

घाटमाथा: एका बाटलीने काही होत नाही. कामगिरीसाठी किलोमागे ३ मिग्रॅ धरतात. ७२ किलोला २१६, म्हणजे तीन बाटल्या.

चेनगार्ड: आणि लेबलवर दिवसाला ५०० मिलीच्या वर नको असं छापलंय ते? टपरीच्या प्रत्येक कपात ३०-४० मिग्रॅ आणखी. ३ चा आकडा शर्यतवाल्यांचा. बीआरएममध्ये वेळेत आणि शुद्धीवर पोचायचं असतं.

घाटमाथा: मग इन्स्टंट कॉफी घ्या. चिकोरी नसलेली, २ ग्रॅमला साधारण ६० मिग्रॅ, स्वस्तात काम. चिकोरीवाल्या पुडीत कमी भरतं.

लेबलवाचक: हे पटलं. फक्त रात्री २ वाजता हायवेवर गरम पाणी कोण देणार?

घाटमाथा: गार पाण्यातही विरघळते. चव विचारू नका.

चेनगार्ड: वेळ महत्त्वाची. कॅफीन चढायला अर्धा ते पाऊण तास लागतो आणि पाच तासांनीही निम्मं अंगात असतं. संध्याकाळी सुटतानाच पिऊ नका, वाया जातं. पहिला डोस रात्री ११-१२ ला, दुसरा पहाटे ३ नंतर. डोळे मिटायलाच लागले तर पिऊन लगेच वीस मिनिटं आडवे व्हा. उठेपर्यंत ते चढू लागलेलं असतं. पेंगत खंबाटकी घाट उतरू नका, त्यावर कुठलाच कॅन चालत नाही.

गोळीबंद: कुणी विचारलं नाही तरी सांगतो. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत कॅफीन आणि नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन असतं. गोळी आणि वर दोन बाटल्या म्हणजे छातीत धडधड. बीपी असेल तर हा प्रकारच नको.

पडवळ: शुगर-फ्री कॅन एकादशीला चालतो का?

झोपमोड्या: एकादशीचं नंतर. मीठ आधी की ड्रिंक आधी?

चेनगार्ड: पाण्यात मीठ विरघळवून घ्या, मग ड्रिंक. उलट केलंत तर फेस उसळून निम्मं हँडलबारवर. ओतल्यावर बॉटलचं तोंड उघडं ठेवून हलवा, गॅस जाऊ द्या. नाहीतर पहिल्या खड्ड्यात नोझल उडेल.

कोकमवाला: आगळाला गॅस नसतो.