मदत हवी आहे: निवडलेल्या भाजीचा आणि उरलेल्या भाताचा हिशेब

नमस्कार मंडळी. पुण्यात आमची छोटी खानावळ आहे, रोज साधारण 120 ताटं. भाजीचा खर्च जुळेना म्हणून परवा वजनकाटाच ओट्यावर आणून ठेवला. 5 किलो फ्लॉवर, पाला-दांडे काढून भरला जेमतेम 3 किलो. म्हणजे 40 रुपये किलोची भाजी मला 67 ला पडते, आणि मी ताटाचा भाव 40 धरून काढत होते! मेथीचं तर विचारूच नका.

पण खरी डोकेदुखी भाताची. रात्री पातेलंभर उरतो. कमी लावला की नेमका त्याच दिवशी संपतो. शिळा वाढायचा नाही, हा सासूबाईंचा नियम. ताटामागे तांदूळ किती धरता? दोन-तीन खेपांत लावता का? आणि उरल्यासुरल्याची नोंद कोण ठेवतं? आमचे आचारीमामा वहीला हातच लावत नाहीत.