'साइटसीअर्स' अर्ध्यात बंद करणाऱ्यांना

सांजवात
काल कडुलिंब यांनी 'साइटसीअर्स' या ब्रिटिश सिनेमावर चार ओळी लिहिल्या: "जोडपं सुट्टीवर निघतं, वाटेत माणसं मारतं, आणि लोक याला विनोद म्हणतात. विकृती आहे. अर्ध्यात बंद केला." डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितेय.

सिनेमा अवघा ८८ मिनिटांचा. अर्ध्यात उठलात म्हणजे त्या जोडप्यातल्या क्रिसचे खून पाहिलेत आणि त्याच्या मैत्रिणीची, टीनाची गोष्ट रंगात यायच्या आधीच निकाल देऊन मोकळे झालात. टीना आईजवळ राहते. घरातला कुत्रा तिच्या विणायच्या सुईमुळे मेला, आणि आई ते तिला एक दिवस विसरू देत नाही. अशा घरातून क्रिस तिला गाडीला कॅरॅव्हॅन, म्हणजे मागे ओढायचं चाकांवरचं घर, जोडून नेतो. कुठे? ट्रामचं संग्रहालय, पेन्सिलींचं संग्रहालय, रिबलहेडचा रेल्वेपूल. यादी सगळी त्याची. पुस्तक तो लिहिणार, हिने त्याची स्फूर्ती व्हायचं. तुला काय बघायचंय, असं तिला कुणी विचारतच नाही. सुट्टी तिथेच बिघडलीय, खून नंतर होतात. मला हसू आलं ते या गोष्टीचं, रक्ताचं नव्हे.

कडुलिंब
माझा आक्षेप तुम्ही बाजूलाच ठेवलात. मरणारा प्रत्येक माणूस आधी नकोसा करून दाखवलाय. पहिला ट्राममध्ये कचरा टाकतो, उचल म्हटलं तर अश्लील खूण करतो. दुसरा तीन पुस्तकं लिहिलेला शिष्ट लेखक. तिसरा कुत्र्याच्या घाणीवरून सुनावणारा. आधी आपल्याला चीड आणायची आणि मग रक्त सांडून ती शमवायची, ही लबाडी आहे.

आणि खरं सांगतो. माझ्या वडिलांना मागे येणाऱ्या गाडीने उडवलं होतं. वाचले, पण पाय कायमचा अधू झाला. पहिल्या खुनात क्रिस कॅरॅव्हॅन मागे घेतो, माणूस चाकाखाली जातो आणि आजूबाजूला हशा पिकतो, हे मला जमणार नाही.

चित्रवेडा
ॲलिस लो आणि स्टीव्ह ओरम यांनी ही पात्रं स्वतः घडवली, स्वतः लिहिली आणि स्वतःच केली. आधी टीव्हीसाठी मांडलं होतं. फार काळोखं आहे म्हणून नाकारलं गेलं. मग दिग्दर्शक एडगर राइटच्या पाठिंब्याने सिनेमा झाला, बेन व्हीटलीने दिग्दर्शित केला आणि २०१२ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात, डिरेक्टर्स फोर्टनाइट या विभागात दाखवला गेला. एका आडदांड विकृताचं हे काम नाही.

कडुलिंब
टीव्हीवाल्यांचं बरोबर होतं. कानला दाखवला म्हणून माझं मत का बदलावं?

पायवाट
कडुलिंब, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण त्याच प्रसंगाबद्दल एक सांगायचंय. मी इंग्लंडमध्ये अकरा वर्षं कॅरॅव्हॅन ओढतोय. मागे घेताना ती डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावं लागतं. जरा जास्त फिरलं की गाडी आणि कॅरॅव्हॅन कात्रीसारख्या मिटतात. नवख्याची तर फजितीच. म्हणून क्रिस अपघात म्हणतो तेव्हा टीनाला ते पटतं, आजूबाजूच्यांनाही पटलं असतं. तिला न दिसेल असं तो हसतो, ते फक्त आपल्याला दिसतं. प्रसंग त्या हसण्यावर उभा आहे.

टिपकागद
क्रिसला ओढायचा परवाना होता का पण? मी ऐकलं होतं की वेगळी परीक्षा लागते.

पायवाट
१ जानेवारी १९९७ पूर्वी गाडीची परीक्षा पास झालेल्यांना वेगळी परीक्षा नव्हती, आणि क्रिस त्या वयाचा वाटतो. नंतरच्यांना जड कॅरॅव्हॅनसाठी द्यावी लागायची. १६ डिसेंबर २०२१ पासून तीही काढून टाकली, आता ३,५०० किलोपर्यंत ओढता येतं. माझ्या मते हा चुकीचा निर्णय आहे. मोटरवेवर ताशी ६० मैलांची मर्यादा असते, ती कुणी पाळत नाही. मागे वजन चुकीचं भरलं की कॅरॅव्हॅन शेपटी हलवावी तशी डुलायला लागते. ब्रेक दाबला की संपलं. ब्रेक न मारता नुसता पाय उचलायचा असतो, हे नव्या लोकांना कुणी शिकवतच नाही. दर उन्हाळ्यात रस्त्याकडेला एखादी आडवी झालेली बघतो.

सांजवात
पायवाट, माहिती चांगली आहे, पण धागा सिनेमाचा आहे हो.

रानजाई
नाही, चालू दे, मलाही यावरच बोलायचंय. कॅरॅव्हॅन मागे घेताना मागे उभं राहून हातवारे करणारी नेहमी बायकोच का असते?

आमची पहिली सहल. पाऊस, संध्याकाळ, जागा अरुंद. मी मागे चिखलात उभी, एका हातात टॉर्च, दुसरा हात वर. थांब, थांब म्हणून ओरडतेय. काच बंद, आत गाणी चालू. कॅरॅव्हॅनचा कोपरा पाण्याच्या नळाच्या खांबावर गेला. कर्रर्र आवाज झाला, नळ वाकला, पाण्याची धार थेट माझ्या अंगावर. नवरा खाली उतरला आणि आजूबाजूच्या लोकांकडे बघून म्हणाला, "हिने सांगितलंच नाही." मी भिजलेली, हात अजून वरच होता. पुढचे चार दिवस तो हे सगळ्यांना हसत सांगत होता.

टीनाचा चेहरा मला ओळखीचा वाटला, एवढंच सांगायचंय.

पायवाट
रानजाई, राग समजतो. पण नियम साधा आहे: आरशात ड्रायव्हर तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. जागा बदलायला हवी होती. चूक दोघांची.

रानजाई
दोघांची? गाणी मी लावली होती का? काच मी बंद केली होती का? अकरा वर्षांचा अनुभव सांगताय, त्यात मागे चिखलात तुम्ही किती वेळा उभे राहिलात ते सांगा. मग नियम शिकवा.

टिपकागद
अहो, जरा दमाने.

रानजाई
दमानेच घेत आले इतकी वर्षं.

सांजवात
रानजाई, तुम्ही जे लिहिलंत तेच उत्तरार्धात आहे. टीना आधी बघते, मग शिकते, मग स्वतः करते. वाटेत भेटलेल्या एका होणाऱ्या नवरीला ढकलून मारते तेव्हा क्रिसच तिच्यावर चिडतो, की याला काही कारणच नव्हतं. म्हणजे त्याच्या खुनांना कारण होतं, असं तो खरोखर मानतो! कडुलिंब, तुमचा आक्षेप इथे सिनेमाच घेतो. मार्टिनने तर कुणाचं काहीच बिघडवलेलं नाही. सायकलमागे ओढायची झोपायची पेटी बनवणारा साधा माणूस. तो आत झोपलेला असताना टीना ती पेटी कड्यावरून लोटते. तिथे हसायला कुठली सबब उरते?

कडुलिंब
काल रात्री उरलेला पाहिला. तुमच्या आग्रहाखातर, आवडीने नव्हे.

मार्टिनच्या वेळी हसू आलं नाही, आणि येऊ नये असंच ते केलंय. एवढं मान्य. मग पहिल्या खुनाला लोकांना हसवलंत ते कशाला, हा प्रश्न माझ्यापुरता तसाच आहे. वडिलांच्या पायाचं दुखणं सिनेमाने कमी होत नाही.

पण रिबलहेडच्या पुलावरचं दृश्य दोनदा पाहिलं. दोघं हात धरून कठड्यावर उभी, मिळून उडी मारायचं ठरलेलं. तो उडी घेतो, ती हात सोडते. तो जातो, ती उभी राहते. कॅमेरा हातावर आहे. मी बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "हिला सुट्टी आत्ता मिळाली."

रानजाई
तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

पायवाट
चूक दोघांची म्हणालो, ते मागे घेतो. गाणी बंद करायला हवी होती. आमच्याकडेही मागे बायकोच उभी राहते, हे तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं. या शनिवारी निघतोय. मी मागे उभा राहीन, ती चालवेल. तिला विचारलं तर म्हणाली, आधी रिकाम्या मैदानात दोन तास सराव, आणि तू तोंड उघडायचं नाहीस.