अकरावी विज्ञान: आरोग्यक्षेत्रात जायचे असल्यास गणित ठेवावे की सोडावे?

प्रश्न (पालक, पलूस)
माझी मुलगी यंदा सेमी-इंग्रजीतून दहावी उत्तीर्ण झाली असून तिला आरोग्यक्षेत्रातच शिकायचे आहे. मात्र एमबीबीएस, फिजिओथेरपी की फार्मसी, हे अद्याप ठरलेले नाही. अकरावीसाठी ती सांगलीला एसटीने ये-जा करणार आहे. गणित सोडले तर नीटच्या (वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या) अभ्यासाला वेळ मिळेल, असे शेजारच्यांचे मत आहे. तिच्या मामांच्या मते भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित हे चारही विषय ठेवावेत. एका कॉलेजात तर संगणकशास्त्राचा बायफोकल (व्यावसायिक) विषय घेण्याचा सल्ला मिळाला. गणितात ती बरी आहे, पण त्याची तिला विशेष आवड नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 (रसायनशास्त्राचे शिक्षक, कनिष्ठ महाविद्यालय, सांगली)
ताई, बायफोकलचा प्रश्न सर्वात आधी सोडवावा लागेल, कारण चुकण्याची शक्यता तेथेच अधिक आहे. बायफोकल विषय 200 गुणांचा असतो आणि तो दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय यांची जागा घेतो. म्हणजे इंग्रजी, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एकच विषय उरतो. संगणकशास्त्र घेणारी बहुतेक मुले गणित ठेवतात आणि जीवशास्त्र सुटते. जीवशास्त्राविना वैद्यकीय प्रवेशाचा मार्गच बंद होतो. बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यांनाही नीट देण्याची मुभा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये दिली आहे हे खरे. परंतु जी मुलगी आजच आरोग्यक्षेत्र म्हणते आहे, तिला तो वळसा घ्यायला लावू नये, असे मला कळकळीने वाटते.

आता गणिताविषयी. एमबीबीएससाठी बारावीला गणिताची अट नाही. भौतिक, रसायन व जीवशास्त्रात मिळून खुल्या प्रवर्गाला 50 टक्के आणि राखीव प्रवर्गांना 40 टक्के गुण लागतात, व इंग्रजीत उत्तीर्ण असावे लागते. मात्र गणित सोडले म्हणून नीट सोपी होत नाही. 720 गुणांपैकी 360 गुण जीवशास्त्राचे असतात. उरलेले निम्मे भौतिक आणि रसायन यांत समसमान विभागलेले असतात. जीवशास्त्रात चांगले गुण मिळवणारी मुले पुष्कळ असल्याने गुणवत्ता यादीतील अंतर भौतिकशास्त्रात पडते, असा माझा अनुभव आहे. आपल्या मंडळाच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात दुसरेच प्रकरण गणिती पद्धतींचे असून त्यात सदिश आणि कलनाची (कॅल्क्युलसची) तोंडओळख आहे. गणित सोडणाऱ्या मुलीने निदान ते प्रकरण अत्यंत बारकाईने करावे. रसायनशास्त्रातही रासायनिक गतिकी आणि आयनिक समतोल ही बारावीची प्रकरणे लॉगरिथमविना पुढे सरकत नाहीत.

उत्तर 2 (फिजिओथेरपिस्ट, कराड)
सरांनी भौतिकशास्त्राबद्दल लिहिले त्याला माझ्या विषयातून पुष्टी देते. फिजिओथेरपीत बायोमेकॅनिक्स शिकावेच लागते आणि ते जवळपास यंत्रशास्त्रच आहे. तळहातावर वजन धरले की कोपराजवळ जोडलेल्या स्नायूला त्या वजनाच्या कितीतरी पट बल का लावावे लागते, हे तरफेचे तत्त्व समजल्याशिवाय कळत नाही, आणि ते कळले नाही तर रुग्णाला व्यायाम कोणत्या कोनात द्यायचा हे केवळ पाठांतराने ठरते. पहिल्या वर्षी माझ्या वर्गातील ज्यांनी बारावीत बल आणि आघूर्णाची (बलाच्या फिरवण्याच्या परिणामाची) उदाहरणे केवळ सूत्रे घोकून सोडवली होती, त्यांना हा विषय सर्वाधिक जड गेला. महाराष्ट्रात फिजिओथेरपीचा प्रवेशही नीटवरच होतो, त्यामुळे एमबीबीएस आणि फिजिओथेरपी यांसाठी अकरावीची तयारी वेगळी करावी लागत नाही.

उत्तर 3 (फार्मसीचे अध्यापक, सातारा)
बी. फार्मसीला एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेचे पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) आणि पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) हे दोन्ही गट चालतात. गणित न घेतलेल्यांना पहिल्या सत्रात रेमेडियल मॅथेमॅटिक्स आणि जीवशास्त्र न घेतलेल्यांना रेमेडियल बायोलॉजी शिकावे लागते. त्यामुळे गणित सुटले तरी दार बंद होत नाही. मात्र औषध शरीरातून कोणत्या वेगाने बाहेर पडते याचा हिशेब पुढे सतत येतो. त्याचा पाया बारावीच्या रासायनिक गतिकीत, म्हणजे प्रथम कोटीच्या अभिक्रियेत आणि अर्धआयुष्यात आहे. ज्या विद्यार्थ्याने ते प्रकरण मनापासून केले आहे, त्याला मी गणित नसल्याबद्दल कधीच काळजी करायला सांगत नाही.

प्रश्नकर्त्या पालक
सर्वांचे मनापासून आभार. बायफोकलचा विचार आम्ही सोडला. आता चारही विषय घ्यावेत की गणित सोडून एक भाषा घ्यावी, एवढाच प्रश्न उरला आहे. रोजच्या प्रवासात तिचे बरेच तास जातील.

उत्तर 4 (रसायनशास्त्राचे शिक्षक, सांगली)
आपण लिहिलेल्या परिस्थितीत मी गणित सोडण्याच्या बाजूने आहे. बायोमेडिकल इंजिनिअरिंगसारखी वाटही तिला खुणावत असती, तर चारही विषय ठेवा म्हटले असते. परंतु आपण लिहिलेल्या तिन्ही अभ्यासक्रमांना गणित अनिवार्य नाही आणि तिची ओढही तिकडे नाही. वाचलेला वेळ भौतिकशास्त्राची उदाहरणे सोडवण्यात जावा, ही मात्र माझी अट समजा. आणखी एक विनंती अशी की, प्रवेश घेण्यापूर्वी कॉलेजच्या प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहाव्यात आणि प्रात्यक्षिके दर आठवड्याला खरोखर होतात का, हे तेथे शिकणाऱ्या मुलांना विचारावे. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या प्रत्येक विषयात 30 गुण प्रात्यक्षिकाचे असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अनुमापन (टायट्रेशन) स्वतःच्या हाताने केलेल्या मुलीला आयनिक समतोलाचे प्रकरण वर्गात लवकर समजते, हे मी दरवर्षी पाहतो. प्रवेशअर्जात विषय भरताना जीवशास्त्राची नोंद झाली आहे ना, हे पावतीवरही तपासून घ्यावे.