बँकॉक: सासू-सासऱ्यांना घेऊन चार दिवस, टूर कंपनीशिवाय जमेल का?

मीनल_ठाणे

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईहून बँकॉकला जायचं चाललंय. आम्ही दोघं आणि सासू-सासरे. दोघंही सत्तरीच्या पुढे, चालतात पण गुडघे कुरकुरतात. आई पक्क्या शाकाहारी, अंडंही नाही. विमान पहाटे सुवर्णभूमीला उतरतं. राजवाडा, नदी, बाजार एवढंच निवांत बघायचंय, पट्टाया वगैरे नको. राहावं कुठे, फिरावं कशाने, आईंच्या खाण्याचं काय? आणि फसवणुकीबद्दल जे ऐकतो त्यात तथ्य किती?

घाटमाथा

आरामात जमेल. फक्त हॉटेल मेट्रोच्या दारात घ्या, बाकी बरंच आपोआप सोपं होतं. खाओ सान भागात हॉटेलं स्वस्त दिसतात, पण तिथे मेट्रो नाही आणि संध्याकाळी टॅक्सी ट्रॅफिकमध्ये रुतते. तुमच्यासाठी असोक चौक उत्तम. तिथे रस्त्यावरच्या पुलावरून जाणारी मेट्रो म्हणजे बीटीएस (असोक स्टेशन) आणि जमिनीखालची मेट्रो म्हणजे एमआरटी (सुखुमवित स्टेशन) एकत्र मिळतात. एमआरटीच्या निळ्या लाइनने गाडी न बदलता वाट मांगकोन म्हणजे चायनाटाउन, साम योत म्हणजे पाहुरात (भारतीय वस्ती) आणि सनाम चाय म्हणजे वाट फो ("वाट" म्हणजे बौद्ध देऊळ), तिन्हीकडे जाता येतं.

बीटीएस आणि एमआरटी वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत, एकीचं टोकन दुसरीत चालत नाही. एमआरटीच्या गेटवर तुमचं टॅप करायचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट चालतं, मात्र माणशी एक कार्ड हवं. बीटीएसच्या प्रत्येक जिन्याजवळ लिफ्ट नसते. म्हणून आधी लिफ्टचं चिन्ह शोधा, मग रस्ता ओलांडा. उलट केलंत तर आईबाबांना पूल दोनदा चढावा लागेल.

विमानतळावरून एअरपोर्ट रेल लिंक स्वस्त आहे, शेवटच्या फाया थाय स्टेशनपर्यंत ४५ बाट. पण असोकला जायला मक्कासानला उतरून पुलावरून एमआरटीच्या फेत्चाबुरी स्टेशनला चालत जायचं आणि पुढे एक स्टेशन. चार जण आणि बॅगा असताना तो खटाटोप नको. तळमजल्यावर सरकारी टॅक्सीची रांग असते. मशीनमधून चिठ्ठी घ्यायची, तिच्यावरच्या नंबरच्या लेनमध्ये टॅक्सी उभी असते. साध्या टॅक्सीचा मीटर ३५ बाटपासून सुरू होतो, त्यावर विमानतळाचे ५० बाट आणि हायवेचा टोल वेगळा, तो तुम्हीच द्यायचा. मोठ्या टॅक्सीची रांग निराळी आहे, तिथेच उभे राहा. साध्या टॅक्सीच्या डिकीत बऱ्याचदा गॅसची टाकी असते, चार बॅगा मावत नाहीत. ड्रायव्हर ठोक भाडं सांगू लागला तर "मीटर" एवढंच म्हणा. चिठ्ठी हातातून देऊ नका, तक्रार करायची तर तीच लागते.

चेक-इन बहुतेक हॉटेलांत दुपारी दोनला. वयस्कर माणसं बरोबर असताना आदल्या रात्रीचंही बुकिंग करणं मला पटतं. पैसे जातात, पण पहिला दिवस लॉबीत बसून वाया जात नाही.

खडीसाखर

आईंच्या खाण्याबद्दल. नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही. ताटात मांस येणार नाही, पण नाम प्ला म्हणजे माशाचा सॉस येईल. तयार करी पेस्टमध्ये कोळंबीचं वाटण (कपि) आधीच असतं, त्यामुळे हिरव्या करीतलं चिकन काढून ती शाकाहारी होत नाही. कच्च्या पपईचं सोम ताम दिसायला आपल्या कोशिंबिरीसारखं, पण त्याच खलात सुकट आणि नाम प्ला कुटलेलं असतं. "घालू नका" सांगितलं तरी खल तोच.

म्हणून "जे" शोधा. पिवळ्या पाटीवर लाल रंगात เจ असं लिहिलेलं असतं. हे बौद्ध व्रताचं जेवण. मांस, मासे, अंडी, दूध नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. ऑर्डर देताना "किन जे" म्हणा, लगेच कळतं. "मांगसाविरात" हा शब्दही ऐकाल, पण त्यात अंडं चालतं, तेव्हा जोडीला "माय साय खाय" (अंडं घालू नका) म्हणा. जैन मंडळींनी मात्र लक्षात ठेवावं, जे जेवणात मुळा, गाजर, बटाटा असतो. आणि मासा किंवा बदकासारखा दिसणारा तुकडा आला तर तो गव्हाच्या चिकाचा किंवा सोयाचा असतो, आईंना आधीच सांगून ठेवा.

पोळी-भाजीची आठवण आलीच तर पाहुरात गाठा. भारतीय वस्ती आहे, मोठा गुरुद्वारा आहे, आजूबाजूला शाकाहारी जेवण मिळतं. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात आई निर्धास्त खाऊ शकतात.

निळावंती

फसवणुकीचं ऐकलंय ते खरं आहे आणि तिची रीत ठरलेली आहे. राजवाड्याच्या भिंतीलगत नीटनेटक्या कपड्यातला माणूस गोड बोलून सांगतो, "आज बंद आहे, पूजा आहे, दुपारी उघडेल." मग वीस बाटमध्ये टुकटुकची फेरी सुचवतो. ती फेरी रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात संपते, कारण तिथे ड्रायव्हरला कमिशन असतं. न थांबता ना फ्रा लान रस्त्यावरच्या मुख्य दरवाज्यापर्यंत जा आणि स्वतः बघा. राजघराण्याचे विधी असले की वाडा खरोखरही बंद असतो, म्हणून आदल्या रात्री वाड्याच्या अधिकृत साइटवर तारीख तपासा. अडचण आलीच तर टुरिस्ट पोलिस ११५५.

नकाशात सनाम चाय स्टेशन वाड्याला चिकटलेलं दिसतं, पण ते वाट फोला जवळ. वाड्याचा दरवाजा उत्तरेला, म्हणजे उन्हात अख्ख्या भिंतीला वळसा. त्यामुळे सकाळी टॅक्सीने थेट दरवाज्याशी उतरा, आधी वाडा, मग वाट फो, आणि परत येताना मेट्रो. साडेआठला उघडतं, तेव्हाच आत शिरा. नऊनंतर टूरच्या बसेस येतात. तिकीट ५०० बाट. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बिनबाह्यांच्या ब्लाउजवर ओढणी घेऊन भागेल असं धरून चालू नका, बाह्यांचा ब्लाउजच घाला.

आत गेल्यावर पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवतीच्या ओवऱ्या सोडू नका, गर्दी सरळ पुढे निघून जाते. भिंतींवर १७८ चित्रांत अख्खं रामायण, त्यांचं रामकियन, रंगवलंय. उत्तरेच्या दाराशी सुरुवात करून डावीकडून उजवीकडे फिरा. पांढराशुभ्र हनुमान शोधा. इथला हनुमान ब्रह्मचारी नाही, सेतू बांधताना रावणाच्या मुलीच्या, एका मत्स्यकन्येच्या, प्रेमात पडतो. बाबांना कथा पाठ असेल तर त्यांचा तास कसा गेला कळणार नाही, आणि तिथे सावलीही आहे.

मीनल_ठाणे

खूप आभार! बोटीत चढणं आईबाबांना झेपेल का? आणि व्हिसा, पैसे?

घाटमाथा

बीटीएसच्या सफान ताकसिनला उतरलं की खालीच साथोर्न धक्का. केशरी झेंड्याची बोट स्वस्त, पण धक्क्याला जेमतेम टेकते आणि शिट्टी वाजली की निघते. तरंगता धक्का आणि बोट यांत फट असते. दुपारची वेळ निवडा, ऑफिस सुटायच्या वेळी उभ्याने प्रवास होतो. झेपेल असं वाटत नसेल तर निळ्या झेंड्याची पर्यटक बोट घ्या, महाग आहे पण ती थांबते. नदीकाठचं वाट अरुण देऊळ खालूनच बघा, पायऱ्या फार उभ्या आहेत.

व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकिटाआधी थाई दूतावासाची साइट बघा. मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड प्रत्येकाला लागतं. उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा, सरकारी पत्ता "गो डॉट टीएच"ने संपतो. रुपये नेऊ नका, भाव वाईट मिळतो. शंभराच्या कोऱ्या, न दुमडलेल्या डॉलरच्या नोटा न्या आणि विमानतळाच्या तळघरात, रेल लिंकच्या फाटकाजवळच्या काउंटरांवर बदला. सामान घेतो त्या मजल्यावरच्या बँका कमी देतात.